इंग्रजी वाक्संप्रदाय आइसलंडी भाषेंत

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें लांबलचक पत्र आलें. भूगर्भांतील उष्णतेचा उपयोग कसा करावा हें शास्त्र शिकण्यासाठीं तो आइसलंडांत गेला आहे, व त्या देशाच्या राजधानींत, रेक्याविक येथें, एका वृद्ध बाईंच्या घरीं राहतो. शास्त्राचे पाठ त्यास इंग्रजींतून मिळतात. पण घरांतील बोलणें आइसलंडी भाषेंत चालतें, म्हणून तीही तो शिकूं लागला आहे. एके संध्याकाळीं बाईंनीं त्याच्या मेजावरील छायाचित्राकडे बोट दाखवून, हे कोण, असें विचारिलें. “माझे वडील,” तो म्हणाला. पुढें, इंग्रजींत ज्यास ‘आय टेक आफ्टर माय फादर’ म्हणतात, म्हणजे ‘मी वडिलांच्या वळणावर गेलों आहें’, तें सांगण्याची त्यास इच्छा झाली. ‘टेक’ला आइसलंडी शब्द ‘ताका’, ‘आफ्टर’ला ‘एफ्तिर’. हे शब्द इंग्रजी शब्दांचे सख्खे चुलतभाऊच दिसतात. त्यानें ते जोडले आणि वाक्य बोलून टाकिलें. बाईंनीं चमकून खिडकीकडे पाहिलें. कारण त्यांच्या भाषेंत ‘ताका एफ्तिर’ म्हणजे लक्षांत येणें, नजरेस पडणें. मुलाचे वडील वारून पंधरा वर्षें झालीं होतीं हें त्यांस ठाऊक होतें. आणि हा तर सांगत होता कीं, वडील मला दिसत आहेत!

साम्य सांगावयास त्या भाषेंत ‘लीक्यास्त’ असें निराळेंच एक क्रियापद आहे, हें त्यास मागून समजलें. पत्राच्या शेवटीं त्यानें विचारिलें होतें, “सर, ही भाषा इंग्रजीच्या इतक्या जवळची, मग इंग्रजीच्या आधारानें ती शिकतांना मी पदोपदीं कां ठेचकाळतों?” त्यास आम्हीं जें उत्तर लिहिलें तेंच थोडें वाढवून येथें देत आहों. आमच्या वाचकांपैकीं आइसलंडास जाणारे थोडेच निघतील. पण त्या मुलानें जी ठेंच खाल्ली ती आमच्या वर्गांत दर आठवड्यास कोणी ना कोणी खात असतो. दूरच्या देशांतील खड्डा दाखविला म्हणजे घरापुढचाही दिसूं लागतो, असा आमचा अनुभव आहे. आइसलंडी शब्दांचे उच्चार नागरी अक्षरांत जितके उतरले तितके उतरविले आहेत. ते अगदीं बरोबर आहेत असें कोणी मानूं नये.

प्रथम हें पाहूं कीं, अडचण कशांत आहे. इंग्रजींतील मोठे शब्द मुलांस फारसे नडत नाहींत. ते कोशांत सांपडतात. नडतात ते ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’, ‘ऑन’ असले चिमुकले शब्द. क्रियापदाच्या मागें त्यांतील एखादा लागला कीं, त्याचा अर्थ पार पालटतो. ‘गिव्ह’ म्हणजे देणें, पण ‘गिव्ह अप’ म्हणजे ‘वर देणें’ नव्हे. संस्कृत शिकणाऱ्या मुलांस ह्याचें नवल वाटूं नये. हृ धातूस उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार असे एकमेकांशीं न जुळणारे अर्थ निघतात, हें आपण पाठ करितों. आपला उपसर्ग धातूच्या पुढें चालतो व त्यास चिकटून असतो. इंग्रजी उपसर्ग मागून येतो व कधीं कधीं दोन पावलें दूरही उभा राहतो, इतकाच भेद. शिवाय, वेदांच्या भाषेंत आपलेही उपसर्ग क्रियापदापासून असेच सुटे राहत असत.

आइसलंडी भाषेंत हे दोन्ही प्रकार एकाच घरांत नांदतात. ‘गेवा’ म्हणजे देणें व ‘ऊत’ म्हणजे बाहेर. ‘गेवा ऊत’ म्हणजे ग्रंथ प्रसिद्ध करणें. येथें ‘ऊत’ मागें आहे. पण त्याच क्रियापदाचें नाम केलें कीं तो उडी मारून पुढें येतो: ‘ऊतगाउवा’, म्हणजे ग्रंथाची आवृत्ति. ‘आला उप्प’ म्हणजे मुलास वाढविणें. नाम ‘उप्पेल्दी’, म्हणजे संगोपन. इंग्रजींतही ‘ब्रिंग अप’पासून ‘अपब्रिंगिंग’ होतें, तें असेंच. ज्यास एक नाम ओळखतां येतें त्यास मागचें क्रियापदही ओळखतां येतें, म्हणून ही खूण ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आतां नात्याविषयीं. नवव्या शतकांत उत्तरेकडील नॉर्स लोक समुद्र ओलांडून निरनिराळ्या दिशांस गेले. कांहीं इंग्लंडांत घुसले व पुढें तेथेंच वसले. कांहीं आइसलंडांत गेले. आइसलंडांतील पहिल्या कायम वसतीचें साल परंपरेनें ८७४ मानितात. इंग्लंडांत वसलेल्यांची भाषा पुढें लुप्त झाली, पण जातांना तिनें इंग्रजीस ‘टेक’, ‘गेट’, ‘कॉल’, ‘कास्ट’, ‘डाय’ इतकेंच नव्हे तर ‘दे’ व ‘देम’ हीं सर्वनामेंसुद्धां दिलीं. उलट आइसलंडांतील लोकांनीं आपली भाषा इतकी जपली कीं, तेराव्या शतकांतील सागा नांवाच्या गद्यकथा आजचा सुशिक्षित आइसलंडी मनुष्य थोड्या श्रमानें वाचतो. त्या देशाची लोकसंख्या आजही चार लक्षांच्या आंतच आहे. आपल्या कित्येक जिल्ह्यांहून ती लहान! तात्पर्य, आमच्या विद्यार्थ्यानें ‘टेक’चें भाषांतर ‘ताका’ असें केलें तेव्हां तो तो शब्द परक्या देशांत नेत नव्हता, माहेरीं पोंचवीत होता. पण हजार वर्षें सासरीं राहिलेल्या मुलीच्या चालीरीती माहेरच्या राहत नाहींत.

बरें, हें नातें सर्वत्र खोटें ठरतें असेंही नाहीं. ‘स्टँड अप’चें ‘स्तान्दा उप्प’ होतें व तें बिनचूक आहे. ‘लुक डाउन ऑन’, म्हणजे तुच्छ लेखणें. त्याचें ‘लीता निदुर आउ’ शब्दास शब्द जुळतें. खिळ्याच्या डोक्यावर घाव घालण्याचा वाक्संप्रदाय दोन्ही भाषांत एकच. अशीं चारपांच उदाहरणें जुळलीं म्हणजे विद्यार्थ्याची भीड चेपते, आणि सहाव्या उदाहरणास तो सांपडतो. ‘लुक आउट!’ म्हणजे सांभाळ! पण ‘लीता ऊत’ म्हणजे दिसणें, अमक्यासारखें भासणें; गाडीखालीं सांपडणाऱ्यास तें ओरडून काय उपयोग? तेथें ‘पास्सादु थिग’, स्वतःला सांभाळ, असेंच म्हटलें पाहिजे. ‘हाल्दा’ हा शब्द इंग्रजी ‘होल्ड’चा भाऊ, पण ‘हाल्दा आउ’ म्हणजे हातांत घेऊन वाहणें, आणि ‘हाल्दा उप्प आउ’ म्हणजे वाढदिवस किंवा सण साजरा करणें. ‘ताका तिल’ हें ‘टेक टू’ नव्हे. त्याचा अर्थ घर आवरणें. परक्याचें घर ओळखीचें वाटलें म्हणून त्याच्या माजघरांत जोडे घालून शिरूं नये!

ह्या खड्ड्यांत मोठमोठे पडले आहेत. विल्यम मॉरिस हा एकोणिसाव्या शतकांतील नामांकित इंग्रज कवि व कारागीर. त्यानें एइरीकुर माग्नूसोन ह्या आइसलंडी पंडिताच्या साहाय्यानें ग्रेटिर ह्या वीराच्या सागाचें भाषांतर १८६९ सालीं प्रसिद्ध केलें, आणि १८७१ व १८७३ सालीं तो स्वतः आइसलंडांत जाऊन आला. त्याचें प्रेम खरें होतें. पण प्रत्येक आइसलंडी शब्दास त्याच्याच कुळांतला इंग्रजी शब्द द्यावा, असा त्याचा कल होता. त्यामुळें इंग्रजी वाचकांपैकीं पुष्कळांस तें इंग्रजी विचित्र व जुनाट वाटलें. सागांची मूळ भाषा तर साधी व घरगुती आहे. शब्दांचें कुळ राखलें गेलें, आणि बोलण्यांतील साधेपणा हरवला. मॉरिसच्या बाजूनें बोलणारेही आहेत. तरी शाळेंतील मुलांनीं त्याचा कित्ता गिरवूं नये असें आम्हांस वाटतें.

आतां ‘गिव्ह अप’कडे वळूं, कारण ह्या एका जोडशब्दांत सगळा धडा सांठविलेला आहे. पहिल्या हिंवाळ्यांत, अंधार व हिम ह्यांस कंटाळलेल्या आमच्या विद्यार्थ्यानें आपल्या शिक्षकांस निश्चयानें सांगितलें, “एग गेव एक्की उप्प.” त्याच्या मनांत होतें, ‘मी हार जाणार नाहीं.’ शिक्षकांनीं शांतपणें विचारिलें, “काय सांगणार नाहींस?” कारण ‘गेवा उप्प’ म्हणजे नांव, पत्ता, किंमत वगैरे माहिती उघड करणें. हार मानणें ह्यास शब्द आहे ‘गेवास्त उप्प’, त्यानें म्हणावयास हवें होतें, “एग गेव्स्त एक्की उप्प.” भेद काय तो ‘स्त’ ह्या एका शेपटाचा. हें शेपूट ‘स्वतःस’ अशा अर्थाच्या एका जुन्या सर्वनामापासून झालें आहे. म्हणजे ‘गेवास्त उप्प’ हें मुळांत ‘स्वतःस देऊन टाकणें’. संस्कृतांत परस्मैपद व आत्मनेपद असा जो भेद आपण शिकतों, त्याचीच ही दूरची छाया. संस्कृत कशास शिकावें, असें विचारणाऱ्या मुलांस हें एक लहानसें उत्तर आहे.

पण ‘गिव्ह अप’ म्हणजे नेहमीं हार मानणें असेंही नाहीं. एखाद्यानें विडी सोडली तरी इंग्रज ‘गिव्ह अप’ म्हणतो. तेथें ‘गेवास्त उप्प’ चालणार नाहीं. ‘हाइत्ता’, थांबणें, हें क्रियापद पाहिजे. गाडींत म्हाताऱ्यास जागा दिली तरी ‘गिव्ह अप’च, आइसलंडी मनुष्य तेव्हां ‘त्याच्यासाठीं उठून उभा राहिलों’ असें म्हणतो. आणि काम अर्ध्यावर टाकून निराश होणें ह्यास त्याच्याजवळ एक सुंदर वाक्संप्रदाय आहे: ‘लेग्ग्या आउरार ई बाउत’, वल्हीं होडींत ठेवणें. शेंकडों वर्षें ज्या लोकांनीं उघड्या होड्या वल्हवून मासे धरले, त्यांस वल्हीं आंत घेऊन बसणें म्हणजे काय, हें सांगावें लागत नाहीं. आतां हींच चार वाक्यें मराठींत पाहा. ‘त्यानें विडी सोडली’, ‘जागा दिली’, ‘मी हार जाणार नाहीं’, ‘शेवटीं त्यानें हात टेकले’. मराठींतही चार निराळीं क्रियापदें आलीं. ज्यानें प्रथम मनांतल्या मनांत मराठी केलें असतें, त्यास आपणांपुढें एक नव्हे तर चार प्रश्न आहेत हें तेथल्या तेथें कळलें असतें.

हीच आमची विद्यार्थ्यांस मुख्य सूचना आहे. इंग्रजी वाक्संप्रदाय कोणत्याही तिसऱ्या भाषेंत न्यावयाचा असो, आधीं तो आपल्या मायबोलींत, आई जशी बोलेल तशा शब्दांत, उतरवावा. मायबोलींत खोटें वाक्य कानास ताबडतोब टोंचतें. परभाषेंत कान बधिर असतो.

येथें आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. हा विद्यार्थी नववींत असतांना आम्हीं भाषांतरासाठीं एक वाक्य घातलें होतें: ‘हिज आंट ब्रॉट हिम अप.’ त्यानें लिहिलें, ‘आत्यानें त्याला लहानाचें मोठें केलें.’ आमच्या जवळच्या छापील उत्तरांत होतें, ‘त्याच्या मावशीनें त्यास वाढविलें.’ ‘लहानाचें मोठें’ हे शब्द मुळांत कोठें आहेत, आणि ‘आंट’ म्हणजे आत्याच कशावरून, असें म्हणून आम्हीं दोन गुणांपैकीं एक कापला व लाल शाईनें ‘मुळास धरून लिहा’ असा शेरा मारिला. मुलगा कांहीं बोलला नाहीं. त्यास त्याच्या आत्यानेंच वाढविलें होतें, हें आम्हांस पुढें कैक महिन्यांनीं, पालकांच्या भेटीच्या दिवशीं, त्या बाई आल्या तेव्हां समजलें. त्यानें वाक्य भाषांतरिलें नव्हतें. तें त्यास आधींपासून ठाऊक होतें. ‘ब्रॉट’ आणि ‘अप’ ह्या दोन शब्दांस आम्ही मराठी शब्द शोधीत बसलों, आणि सबंध अर्थ ज्यानें पकडला त्याचा गुण कापला.

मायबोलीच्या वाटेनें जावें असें आम्ही म्हणतों, ह्यास आइसलंडी भाषेच्या बाबतींत आणखीही एक कारण आहे. कित्येक ठिकाणीं मराठी ही इंग्रजीपेक्षां तिला अधिक जवळची पडते. ‘वुई हॅव रन आउट ऑफ मिल्क’ ह्या वाक्यांत आपण दुधाबाहेर धांवत सुटलों आहों असें वाटतें! आइसलंडी बाई म्हणते, ‘म्योल्किन एर बूइन’, दूध संपलें आहे. आपल्या स्वयंपाकघरांत म्हणतात तसेंच. एखादी युक्ति सुचली म्हणजे इंग्रज ‘आय केम अप विथ’ असें म्हणून सगळें श्रेय आपणांकडे घेतो. आइसलंडी मनुष्य म्हणतो, ‘म्येर दात्त ई हुग’, मला मनांत पडलें. आपण म्हणतों, ‘माझ्या मनांत आलें’, ‘मला सुचलें’. ‘मला आवडतें’, ‘मला वाटतें’, ‘मला थंडी वाजते’ ह्या आपल्या वाक्यांत जो भोगणारा चतुर्थींत येतो, तसाच तो तिकडेही येतो. इंग्रजींत मात्र तो सर्वत्र कर्ता होऊन बसतो, व आपलीं मुलें इंग्रजी शिकतांना जितकीं अडखळतात तितकाच इंग्रज मुलगा आइसलंडी शिकतांना अडखळत असला पाहिजे.

गंमत अशी कीं, ह्या चतुर्थीचा तिकडे अतिरेकही होतो. ‘लुक फॉरवर्ड टू’, आतुरतेनें वाट पाहणें, ह्यास ‘ह्लाक्का तिल’ असें क्रियापद आहे व त्याचा कर्ता प्रथमेंत पाहिजे, ‘मी’ असा. पण पुष्कळ लोक ‘मला’ असें म्हणून जातात, आणि शिक्षक तें खोडतात. ह्या खोडीस त्यांनीं नांवच ठेविलें आहे, ‘चतुर्थीचा रोग’. तेथील शिक्षकांच्या हातीं लाल शाई आमच्याइतकीच आहे हें वाचून आम्हांस बरें वाटलें.

दिवा लावण्याची गोष्टही अशीच. इंग्रज ‘टर्न ऑन’, ‘टर्न ऑफ’ म्हणतो. त्याच्या डोळ्यांपुढें पिळावयाची कळ असते. आइसलंडी मनुष्य ‘क्वेइक्या आउ’, पेटविणें, व ‘स्लॉक्क्वा आउ’, विझविणें, म्हणतो. आपण दिवा लावतों व मालवतों. वात गेली, तेल गेलें, वीज आली. शब्द मात्र जुन्या चुलीपाशींच राहिले. संगणकसुद्धां तिकडे ‘पेटवितात’. त्यांचा संगणकासाठीं शब्द ‘तॉल्वा’. तो संख्या व भविष्य सांगणारी स्त्री ह्या अर्थांचे दोन जुने शब्द एकत्र करून सिगुर्दुर नोर्दाल ह्या विद्वानानें १९६० च्या दशकांत बनविला. परकीय शब्द जसाच्या तसा न घेतां घरचा घडवावा, अशी त्या लोकांची रीत आहे. आपलाही ‘संगणक’ शब्द घडविलेलाच. पण तो घरीं किती व कागदावर किती, हें ज्यानें त्यानें पाहावें.

तरी मराठी नेहमींच तारील असें समजूं नये. आपण शपथ खातों. आइसलंडी मनुष्य ती नुसती घेतो, खात नाहीं. आणि इंग्रजी ‘अप’चा एक उपयोग असा आहे कीं, तेथें तिन्ही भाषांच्या वाटा फुटतात. ‘ईट अप’, ‘टेअर अप’, ‘यूज अप’ ह्यांत ‘अप’ म्हणजे वर नव्हे, तर क्रिया शेवटास गेली, कांहीं उरलें नाहीं, असा अर्थ. मराठींत हें काम दुसरें क्रियापद करितें: खाऊन टाक, फाडून टाक, संपवून टाक. ‘टाकणें’ म्हणजे फेंकणें, पण ‘खाऊन टाक’ म्हणतांना आई जेवण फेंकावयास सांगत नसते! ‘बोलून बसला’, ‘निघून गेला’, ‘देऊन सोडलें’ ह्यांतील छटा इंग्रजास समजावून सांगतांना आपलीच तारांबळ उडते; तेव्हां ‘अप’ न समजल्याबद्दल आपण फार लाजूं नये. आइसलंडींत ह्या तीन वाक्यांस एकच साधन नाहीं. जेवणाच्या बाबतींत ‘क्लाउरा’, संपविणें, असें सरळ क्रियापद येतें. कागदाच्या बाबतींत ‘चिंध्या चिंध्या करून फाडणें’ असें म्हणतात. म्हणजे येथें नियम शोधूं नये, प्रत्येक वाक्य निराळें शिकावें.

म्हणींचा प्रकार ह्याहून मौजेचा आहे. क्रियापदांत शब्द फसवितात. म्हणींत देश बोलतो. ‘बॅड वर्कमन’ आपल्या हत्यारांस दोष देतो असें इंग्रज म्हणतात. आइसलंडी म्हण आहे, ‘आउरिन्नी केन्निर इत्लुर राइदारी’, वाईट वल्हवणारा वल्ह्यास दोष देतो. आणि आपली? नाचतां येईना, अंगण वाकडें. एकाचा कारखाना, एकाचा समुद्र, एकाचें अंगण; माणूस तोच. ‘नो पेन्स, नो गेन्स’ ह्याचें आइसलंडी रूप ऐकून आमच्या मिशनच्या मंडळींस हंसूं येईल: ‘एंगिन वेर्दुर ओबारिन बिस्कुप’, मार खाल्ल्यावांचून कोणी बिशप होत नाहीं. आपण म्हणतों, टाकीचे घाव सोसल्यावांचून देवपण येत नाहीं. बिशप व देव ह्यांत अंतर पुष्कळ, पण घावाविषयीं दोघांचें एकमत आहे.

एका म्हणीवर आम्हीं वर्गांत एक सबंध तास घालविला. ‘इट नेव्हर रेन्स बट इट पोअर्स’: पाऊस येतो तो कोसळतच येतो, म्हणजे संकटें एकामागून एक येतात. एका मुलानें तिचें शब्दशः मराठी केलें, आणि वर्गांतील शेतकऱ्यांचीं मुलें हंसूं लागलीं. “पाऊस कोसळला तर बरेंच झालें कीं!” त्यांतील एक म्हणाला. त्याचें म्हणणें खरें होतें. ज्या देशांत बारा महिने रिपरिप चालते तेथें पाऊस संकटाची उपमा होतो. आमच्या दुष्काळी तालुक्यांत संकटाची उपमा आहे ‘दुष्काळांत तेरावा महिना’. पाऊस नाहीं, धान्य नाहीं, आणि त्यांत वर्ष एक महिन्यानें लांबलें. आइसलंडी मनुष्य ह्या दोहोंपेक्षां निराळें सांगतो: ‘स्याल्दान एर एइन बाउरान स्तॉक’, लाट सहसा एकटी नसते. होडींत बसलेल्या माणसास पहिली लाट ओळखूं येते ती दुसरीच्या भयामुळें. पाऊस, अवर्षण, आणि लाट. इंग्रजी म्हण आइसलंडींत नेतांना ‘रेन’ला शब्द शोधीत बसणारा कोरडाच राहील, त्या लोकांस संकट कोठून येतें, हें त्यानें विचारिलें पाहिजे.

कांहीं वाक्संप्रदाय नुसते गंमतीचे आहेत. केकवरील साखरेचा थर, असें इंग्रज ज्यास म्हणतो, त्यास आइसलंडी मनुष्य ‘सॉसेजच्या टोकाचा बेदाणा’ म्हणतो. तो वाक्संप्रदाय त्यानें डेन्मार्ककडून उचलला आहे. आपली ‘दुधांत साखर’ त्याहून बरी, असें आम्हांस वाटतें. पण हा पक्षपातही असेल. एखादी गोष्ट मुळींच ठाऊक नसली म्हणजे तो ‘मी डोंगरावरून येत आहें’ असें म्हणतो. आपण म्हणतों, ‘हें माझ्या गांवींही नाहीं.’ इंग्रजींत ह्या ठिकाणीं कल्पना अंधुकशीही नाहीं असें म्हणतात, पण तेथें डोंगरही नाहीं आणि गांवही नाहीं.

बायबलांतून आलेले वाक्संप्रदाय मात्र तिन्ही भाषांत बहुतेक सारखे सांपडतात. ओद्दुर गोत्तस्काउल्क्सोन ह्यानें केलेलें आइसलंडी नवा करार १५४० सालीं छापलें गेलें, व गुद्ब्रान्दुर थोर्लाउक्सोन ह्या बिशपानें सबंध बायबल १५८४ सालीं होलार येथें छापविलें. मराठी नवा करार श्रीरामपूरच्या छापखान्यांतून १८११ सालीं निघाला. त्यामुळें मेंढराच्या वेषांतील लांडगा तिकडेही ‘मेंढीच्या कातड्यांतील लांडगा’ म्हणून नांदतो. नवल हें कीं, आइसलंडांत लांडगा कधींच नव्हता. जमिनीवर राहणारा तेथील मूळचा सस्तन प्राणी एकच, तो म्हणजे ध्रुवप्रदेशांतील कोल्हा. न पाहिलेल्या जनावराची भीति पुस्तकांनीं घरोघर पोंचविली! डुकरांपुढें मोत्यें टाकण्याचा वाक्संप्रदायही तसाच; आणि त्यांतील ‘कास्ता’ हा शब्द इंग्रजी ‘कास्ट’चें मूळ आहे. येथें सगोत्र शब्द खरा ठरतो, हें मॉरिसच्या आत्म्यास बरें वाटावें म्हणून नमूद करितों.

कोशाविषयीं दोन शब्द. रिचर्ड क्लीस्बी ह्या इंग्रजानें आरंभिलेला व गुद्ब्रान्दुर विगफूसोन ह्या आइसलंडी पंडितानें पुरा केलेला आइसलंडी-इंग्रजी कोश १८७४ सालीं ऑक्सफर्ड येथें संपूर्ण झाला. जुन्या भाषेसाठीं तो अजूनही उपयोगी पडतो. आपल्याकडे मोल्सवर्थ व कँडी ह्यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालचा. अशा कोशांत मूळ शब्दाखालीं वाक्संप्रदायांच्या लांब ओळी असतात. मुलें पहिला अर्थ उतरून घेतात व पान मिटतात. ‘ताका’ खालीं पहिला अर्थ ‘घेणें’ हाच असणार. ‘एफ्तिर’ शोधावयास पुष्कळ खालीं जावें लागतें. आइसलंडी भाषेंत कोश पाहणें ह्यास ‘फ्लेत्ता उप्प’ म्हणतात, पानें उलटणें. इंग्रजीप्रमाणें नुसतें ‘पाहणें’ नव्हे.

परवां त्या विद्यार्थ्याचें दुसरें पत्र आलें. त्याच्या भाषावर्गांत घरच्या माणसांविषयीं एक वाक्य लिहावयास सांगितलें होतें. इंग्रजींत आत्या, मावशी, काकू, मामी ह्या सगळ्या एकाच ‘आंट’मध्यें बुडून जातात. आइसलंडींत वडिलांची बहीण ती ‘फॉदुरसिस्तिर’, आईची बहीण ती ‘मोदुरसिस्तिर’, आपल्याप्रमाणेंच स्वच्छ. त्यानें लिहिलें, ‘फॉदुरसिस्तिर मीन ओल मिग उप्प’: माझ्या आत्यानें मला लहानाचें मोठें केलें. शिक्षकांनीं त्याखालीं कांहींच खूण केली नाहीं, तसेंच ठेविलें. पत्राच्या शेवटीं त्यानें विचारिलें आहे, “सर, नववींतला तो एक गुण आतां मिळेल काय?”

गुणपत्रक आतां बदलतां येत नाहीं. पण त्या वाक्यांत चूक होती ती तपासणाराची होती, असें आम्हीं त्यास उलटटपालीं लिहिलें, आणि पत्राची एक नक्कल त्याच्या आत्याबाईंसही पाठविली आहे.